समितीपुढे वाजलेल्या वहाणा

नगरात कॉलेज निघालं तेव्हा पुण्यामुंबईचे विद्वान पोट धरधरून हसले म्हणतात. काहींची पोटं अजून दुखत असतील. बाजरीच्या मुलखात इंग्रजी कविता शिकायला येणार कोण? आलो आम्ही! कोल्हारहून मी, शेवगावहून माझा खोलीतला सोबती. दोघांचं मिळून धोतर एवढं, की प्रवरेला आडवा बांध घालता आला असता.

वर्गात शिरताना वहाणा दाराबाहेर काढायच्या, ही आमची रीत. विद्येच्या जागी पायताण घालून जायचं म्हणजे देव्हाऱ्यात म्हैस बांधायची. दाराशी वहाणांचा असा डोंगर साचे की पलीकडचा बुटका माणूस दिसत नसे. इंग्रजीचे सर पुण्याचे. तो डोंगर पाहून ते नाकाला रुमाल लावीत. गणिताचे सर मात्र राहुरीकडचे, ख्रिस्ती. ते स्वतःचे बूटही आमच्या ढिगात टाकून मोज्यांवर शिकवीत.

अशात विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. तिनं मान्यता दिली तर बी.ए.चे वर्ग निघणार, नाही तर इंटरनंतर गाशा गुंडाळायचा. वडिलांनी मला आधीच बजावलं होतं, "नगरात हाय तवर शीक. पुन्याला मी धाडायचा न्हाई, तितं गेलेली पोरं परत वळकू येत न्हाईत. हितलं संपलं की गप घरला यायचं अन् मोट धरायची." म्हणजे समितीनं मान हलवली तर मी पदवीधर, नाही तर मोटकरी.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी आम्हाला मैदानात उभं केलं. "उद्या एकही अनवाणी पाय मला वर्गात दिसता कामा नये. हे कॉलेज आहे, देऊळ नव्हे!"

"देवळात निदान प्रसाद तरी मिळतो," सोबती कुजबुजला. साहेबांनी डोळे वटारले ते माझ्यावर.

आता साहेबांच्या अब्रूचा प्रश्न म्हटल्यावर झिजलेल्या वहाणा कोण घालणार? सगळ्यांनी लग्नाकार्यातल्या ठेवणीतल्या काढल्या, तेल पाजलेल्या. आमच्याकडे मानाची वहाण म्हणजे करकरणारी. न वाजणारी घालून कुणी वऱ्हाडात गेला तर पाव्हणे हळूच विचारत, "घरी समदं बरं हाय ना?"

समिती प्रिन्सिपॉलसाहेबांसह मागच्या बाकावर बसली. इंग्रजीचे सर आत आले. आम्ही आदरानं उभे राहिलो, करर्र! बसलो, करर्र! सरांनी कविता सुरू केली. कुणी गुडघा हलवला, कुणी पाय आखडला, आणि सबंध वर्ग ऊस घातलेल्या चरकासारखा कण्हू लागला. बाहेर चिंचेवरच्या कावळ्यांनी थेट मनमाडचा रस्ता धरला. एक टांगा जागच्या जागी उभा राहिला. घोड्याला वाटलं, आपल्याच गाडीचा आस मोडला.

समितीचे अध्यक्ष पांढरेफटक पडले. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत नावडत्या प्राध्यापकाला पळवून लावायला पोरं बाकाखाली पाय घासतात. अध्यक्षांनी उभी हयात तिथं काढली होती.

"प्रिन्सिपॉल, आमच्यादेखत प्राध्यापकाला हुसकावतायत ही पोरं?"

"नाही हो! त्या... त्या वहाणा आहेत."

"नेहमी वहाणाच असतात!"

अध्यक्ष टोपी उचलून उठले. माझ्या डोळ्यांपुढे मोट नाचू लागली. तेवढ्यात दारातून गणिताचे सर ओरडले, "काढा रे बाहेर!"

एक शेवटची महाभयंकर करकर झाली. सारा वर्ग बाहेर गेला आणि अनवाणी परत येऊन बसला. इतकी शांतता पसरली की इंग्रजीच्या सरांना स्वतःचं शिकवणं पहिल्यांदाच ऐकू आलं. ते दचकलेच.

अध्यक्ष थबकले. "आमच्याकडे हे सुरू झालं की सुट्टी द्यावी लागते. इथं पोरं एका शब्दात थांबली? काय शिस्त आहे!"

खुलासा करायला उघडलेलं तोंड साहेबांनी मिटलं. मग छाती काढून म्हणाले, "आमची परंपराच आहे ती." कॉलेजला तेव्हा धड दोन पावसाळेही झाले नव्हते.

मान्यता मिळाली. मी पहिल्या मोटारीनं घर गाठलं. वडील मोटेवरच होते. तिथंच बातमी सांगितली.

"म्हंजे अजून दोन वर्सं मीच हाकू व्हय?"

"व्हय, दादा."

"बरं झालं," बैलांच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले. "तुज्या हाती मोट दिली असती तर पानी हिरीतच ऱ्हायलं असतं."