रिंगांच्या खालचं माप

मिस्त्रींना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा इंजिनांचे सिलिंडर कापायचं यंत्र चालूच होतं. ते बंद करून बायको शेजाऱ्यांना बोलवायला धावली. हॉस्पिटलातून मिस्त्री परतले ते उजवा हात, उजवा पाय आणि सगळं बोलणं गमावून. तोंडात एकच शब्द उरला होता: नाही. जेवता का विचारलं तरी नाही, आणि ताट पुढे केलं की मुकाट्याने जेवायचे.

दीर म्हणाला, यंत्र विकून टाका. तिने ऐकलं नाही. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या हाताखाली राहून यंत्र लावणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. माप मात्र मिस्त्री कुणालाच घेऊ देत नसत.

पहिलं काम नावाड्याच्या नावेच्या इंजिनाचं आलं. झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा कापायचा आणि त्यात मोठ्या मापाचा नवा पिस्टन बसवायचा. इंजिन तापलं की पिस्टन फुगतो, म्हणून भोवती मिलिमीटरच्या आठ शतांशांची फट लागते, एवढं तिला माहीत होतं. तिने पिस्टनच्या वरच्या टोकाजवळच्या रिंगांखाली जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. खाटेवरून मिस्त्री "नाही, नाही" करत राहिले. औषधाच्या वेळीही ते तसंच करायचे, म्हणून तिने वळूनही पाहिलं नाही. त्या मापाने सिलिंडर कापून झाल्यावर पिस्टन अलगद आत गेला, तेव्हा तिला हायसं वाटलं.

आठवडाही गेला नसेल, नावाडी इंजिनाचा सिलिंडर असलेला ब्लॉक घेऊन दारात उभा राहिला. भर नदीत पिस्टन जाम झाला होता. भरलेली नाव वाहत जाऊन पुलाच्या खांबाला अडकली, म्हणून सगळे वाचले.

"वहिनी, माझी लेक होती नावेत," तो एवढंच म्हणाला.

ब्लॉक आणखी एकदाच कापता येणार होता. त्यानंतर तो भंगारातच. नवा पिस्टन घेऊन ती खाटेशी बसली. मायक्रोमीटर पिस्टनच्या माथ्याला लावला. मिस्त्री म्हणाले, नाही. रिंगांखाली लावला. नाही. शेवटी तिचा धीर सुटला.

"मी काय करू, सांगा ना हो!"

मिस्त्रींनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि खाली, पार पिस्टनच्या खालच्या कडेजवळ ओढत नेलं. मग पिस्टन फिरवून त्यातून आडव्या जाणाऱ्या पिनेचं भोक मापाच्या वाटेतून बाजूला केलं. तिथे मोजलं, तर रिंगांखालच्यापेक्षा सहा शतांश जास्त. म्हणजे मागच्या वेळी फट दोनच शतांशांची राहिली होती.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" तिने विचारलं.

मिस्त्री रडू लागले. तिने त्यांना गप्पही केलं नाही.

या वेळी तिने सिलिंडर वर, मध्ये, खाली, उभा-आडवा मोजला. मग पहिल्यापासून पुन्हा मोजला. इंजिन बसल्यावर नावाडी म्हणाला, "आधी तुम्ही बसा." ती बसली. पैलतीरी जाऊन परत येईपर्यंत ती पाण्याकडे न बघता इंजिनकडेच बघत होती. ते कुठेही अडलं नाही. नावाड्याने तिला हात देऊन उतरवलं, पण लेकीला काही त्या नावेत बसवलं नाही.

भर नदीत इंजिन बंद पडल्याची गोष्ट गावभर झाली होती. त्यानंतर कुणी ब्लॉक आणला नाही. दोन महिने वाट पाहून तिने दिराला यंत्र विकायचा निरोप धाडला. यंत्र न्यायला माणसं आली तेव्हा तिने ते पुसून, तेल लावून ठेवलं होतं.