ताडपत्रीत बसून प्रभुभोजनाला

त्यांना सगळे दाभणकाकू म्हणायचे. एक तर ताडपत्र्या शिवायचं काम, त्यामुळे हातात सदा दाभण. आणि दुसरं म्हणजे जीभ. दाभण निदान जाड कापडातच घुसायचं, काकूंची जीभ कुठेही घुसायची. कारखान्याचा मालकसुद्धा त्यांच्याशी बोलताना टेबलाच्या पलीकडे उभा राहायचा. मांडीवर डोंगराएवढं कापड, दातांत मेण लावलेला दोरा, आणि देवाशी भांडण चालू.

हो, भांडणच. बाकीच्या बायका प्रार्थना करायच्या, काकू जाब विचारायच्या. "लोकांच्या फरश्या ह्यांनी आरशासारख्या केल्या, आणि धूळ ह्यांच्याच छातीत भरलीस? दुसरं कुणी सापडलं नाही तुला?" मग टाका ओढायच्या, जरा थांबायच्या. उत्तर आलं नाही की पुढचा टाका. शेजारची शिवणकरीण म्हणायची, "काकू, देवाला असं बोलू नये हो."

"का नाही? परक्याशी बोलतेय का मी? ज्याच्यावर हक्क, त्याच्यावरच डाफरतं माणूस."

काकूंचे यजमान फरशीमिस्त्री. दगड घासता घासता त्यांच्या फुप्फुसांचाच दगड होत आला होता. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिना असा उभा की धडधाकट माणसालाही देव आठवावा. मिस्त्रींचं जिना उतरणं बंद झालं, आणि जिन्याबरोबर चर्चही सुटलं. रविवारी घंटा वाजली की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. औषधासाठी हट्ट नाही, खाण्यासाठी नाही. एवढंच म्हणायचे, "अगं, एकदा सगळ्यांच्यात बसून प्रभुभोजन घ्यायचंय. असं एकट्यानं मरायला नको वाटतं."

चर्चच्या कमिटीत एक गृहस्थ होते, त्यांचं नावच पडलं होतं कमिटीकाका. माणूस वाईट नव्हता हं. पण चर्च कसं हवं? तर नव्या कपाटासारखं. पुसलेलं, बंद, आवाज नसलेलं. मिस्त्रींना उचलून चर्चमध्ये न्यायचा काकूंचा बेत कानावर गेला तसे ते फळं घेऊन हजर.

"पाळकसाहेब घरीच येतील. प्रभुभोजनाची भाकर, प्याला, सगळं इथे मिळेल. तिथे खोकला सुरू झाला की लोकांचं लक्ष उडतं. शिवाय लोक घाबरतात."

"हा रोग लागत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. नुसती धूळ आहे ती. चर्चची फरशी ह्यांनीच घासली होती, तिचीही असेल त्यात थोडी."

काका खाकरले. "देवाची इच्छा असते, बाई. स्वीकारावी."

झालं! काकूंनी हातातलं फळ परत पिशवीत टाकलं. "देवाच्या इच्छेचं टपाल तुमच्या पत्त्यावर कधीपासून यायला लागलं? त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर काढून येशूपुढे सोडलं. तेव्हा येशू म्हणाला का, कचरा पडतोय, घरी घेऊन जा म्हणून? मी तर ह्यांना दारानं आणणार आहे. उपकार माना!"

आणि काकू कामाला लागल्या. कारखान्यातलं उरलंसुरलं कापड घेतलं आणि उचलून न्यायची खुर्ची शिवायला बसल्या. दोन्ही बाजूंना दांडे, पाठीला उंच आधार, पुढच्या माणसाच्या खांद्यावर टाकायला रुंद पट्टे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मालावर पांघरूण घातलं होतं. पोती, खोकी, यंत्रं. आपल्या माणसासाठी शिवायची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी जाब विचारला नाही. "टाका बळकट बसू दे," एवढंच म्हणाल्या. आणि लगेच, "पण आपलं भांडण मिटलेलं नाही हं!"

उचलायला कारखान्यातला हमाल, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, आणि त्याचा मेहुणा तयार झाले. रविवारी सकाळी मिस्त्रींना बसवायला गेले, तर पैलवान डोकं खाजवत उभा.

"काकू, मिस्त्रीमामांचं तोंड मागे येतंय."

खरंच की! ट्रकच्या ताडपत्रीचा उंच भाग नेहमी पुढे, केबिनकडे. हाताला जन्माची सवय. काकूंनी खुर्चीची उंच पाठही पुढच्याच बाजूला शिवून टाकली होती. पट्टे पैलवानाच्या मापाचे, आणि जिना उतरताना सगळा भार खालच्यावर, म्हणजे तो पुढेच हवा. उसवायला वेळ कुठला? घंटा सुरू झालेली.

"जाऊ दे," मिस्त्री हसता हसता खोकले. "कुठे जायचंय ते ठाऊक आहे मला. कुठून आलो ते बघत जातो."

जिना उतरताना मेहुणा वरून म्हणाला, "बरं झालं चुकलात, काकू. तोंड पुढे असतं तर मामा घसरून आपल्याआधी खाली पोचले असते."

अशी ती मिरवणूक निघाली. पैलवान पुढे, मिस्त्री उलटे, मेहुणा मागे, आणि शेवटी काकू, मान ताठ. दुकानदार बघायला बाहेर आले. मिस्त्री प्रत्येकाला हात करत होते, आणि उलटे असल्यामुळे मागे पडलेला माणूस वळणापर्यंत दिसत राहायचा, म्हणून हात काही खाली येईना.

चर्चच्या दारात कमिटीकाकांनी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. काकूंना ते बोट दिसलंच नाही. त्यांनी मिस्त्रींना थेट पहिल्या बाकावर बसवलं आणि मनात म्हणाल्या, 'उत्तर देत नाहीस ना? हे घे, माणूसच आणलाय. आता ह्यांच्या तोंडावर सांग.'

प्रार्थनेच्या मध्यात खोकला आला. कोरडा, लांबलचक, संपता संपेना. माना वळल्या. काकूंनी ना माफी मागितली, ना मान खाली घातली; नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. पाळक थांबले. खोकला संपल्यावर त्यांनी राहिलेल्या शब्दापासून प्रार्थना पुढे नेली.

मग भाकरीची ताटली निघाली, कमिटीकाकांच्या हातात. ती मिस्त्रींच्या अलीकडच्या माणसापाशी थांबली आणि तिथून एकदम पलीकडच्यापाशी. "ह्यांना पाळकसाहेब नंतर देतील," काका पुटपुटले.

काकू उठल्या आणि वाटेत उभ्या राहिल्या.

"एक माणूस राहिला."

"बाई, शांतता ठेवा."

"मी शांतच आहे. सगळी मंडळी ताटलीची वाट बघतेय. पण ह्यांना वगळून ती पुढे जाणार नाही, आणि मी इथून हलणार नाही."

काकांनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी हात जोडून ठेवले होते. त्यांनाही घाई दिसली नाही. अखेर ताटली खाली आली. मिस्त्रींनी दगडानं फाटलेली बोटं पुढे केली. काकूंनी मदत केली नाही. त्यांचं त्यांना घेऊ दिलं. तुकडा तोंडात गेला, डोळे मिटले, आणि पुन्हा उबळ आली. भाकरीचे कण काकूंच्या मांडीवर उडाले. मागे कुणीतरी जागा सोडून सरकलं.

काकूंनी सुया टोचून टणक झालेल्या बोटांनी एकेक कण वेचला, तोंडात टाकला, आणि सावकाश चावून गिळला. कमिटीकाकांच्या डोळ्यांत बघत.

"हं," त्या म्हणाल्या, "आता जा पुढे."