कालव्यातली फुलं

काल देवघर पुसताना मागे पडलेलं झेंडूचं वाळकं फूल हाताला लागलं, आणि त्या उग्र वासासरशी मी थेट ऐंशीच्या दशकातल्या न्यू जर्सीत पोचलो. आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. घराजवळ सपाट शेतांमधून एक जुना कालवा जायचा. काठाने मातीची सरळ पायवाट, हिरवट पाणी, ओंडक्यांवर ऊन खात बसलेली कासवं. महिनाभराचं निर्माल्य आईने ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत साठवलं होतं. "वाहतं पाणी आहे ना रे?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने पिशवी उपडी केली, हात जोडले, पण फुलं काठालाच चिकटून राहिली. तेवढ्यात समोरून माझा बॉस कुत्र्याला फिरवत आला आणि पाण्याकडे बघून म्हणाला, "कुणी टाकला हा कचरा?" मी हसून इंग्रजीत म्हणालो, "काय माहीत! काही लोकांना शिस्तच नसते." आईला इंग्रजी येत नव्हतं, तरी मी बोलत असतानाच तिने ती पिशवी हळूच पदराखाली घेतली. ती भारतात परत जायच्या आदल्या दिवशी तिची बॅग भरायला बसलो तर साड्यांखाली तीच पिशवी, पुन्हा सुकल्या फुलांनी भरलेली. "अगं, हे कशाला नेतेस?" "आपल्या नदीत सोडीन. तिथे कुणी विचारत नाही, कुणाची म्हणून." मी खाली मान घालून चेन ओढली. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली; मी अजून त्याच कालव्याजवळ राहतो. कालचं फूल मात्र अजून माझ्या खिशातच आहे; कालव्यात सोडवत नाही आणि कचऱ्यातही टाकवत नाही.