जीप कुणाच्या बंदुकीला येते

आमच्या गावची पोलीस पाटील म्हणजे सुनंदाबाई गायकवाड. बौद्धवाड्यातली, बारावी शिकलेली, परीक्षा आन् मुलाखत देऊन पाटील झालेली. काहींच्या पोटात तेव्हाच दुखलं, पण ते जाऊ द्या. नवरा जगदीश साजगावच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळं भाताचं शेत तीच बघते. गावात काही वाकडं दिसलं की ठाण्याला कळवायचं, हे तिचं काम. तिनं ते इमानदारीनं केलं, तिथंच चुकलं.

लोधिवलीवरून आत आलं की आमचं गाव. गावाच्या अंगाला मुंबईच्या शेठनं प्लॉट पाडले, बंगले उठवले आन् आमच्या बापजाद्यांच्या वाटेवर गेट ठोकलं. सुनंदाबाईचं शेत नेमकं गेटच्या पलीकडं. गेटवर बसायचा शेठचा माणूस, कमलेश. शर्ट खोचलेला, कमरेला पिस्तूल, सगळ्यांना दिसंल असं. शिवी कधी दिली नाय त्यानं. बाई मजुरणी घेऊन आली की नुसता उठून उभा राहायचा, पिस्तुलावर हात ठेवून. मजुरणी आल्या पावली माघारी. भात पिकून आडवं व्हायला लागलं, दाणा झडायला लागला, आन् कापणीला माणूस मिळेना. वर्षाचं खाणं होतं ते तिच्या घरचं.

बाईनं ठाण्याला फोन केला. "साहेब, गेटवरचा माणूस उघडं पिस्तूल घेऊन बसतो. एकदा येऊन बघून जा."

"झाडलं का त्यानं?" साहेबांनी विचारलं.

"नाय."

"कुणावर रोखलं?"

"रोखलं नाय, पण बाया घाबरतात..."

"परवाना असेल हो त्याच्याकडे. असल्या फोनवर गाडी काढायची तर डिझेल पुरायचं नाही."

घ्या. परवाना असेल म्हणे. हाय का नाय तेच बघायला बोलवत होती ना ती? तिनं पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. आधी मुडदा पडू द्या, मग पंचनाम्याला येतो, असा सगळा कारभार.

तेवढ्यात निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. आमच्या कोंडीरामदादाकडं पिकाच्या राखणीची एक ठासणीची बंदूक हाय, बापाच्या वेळची. तिच्यात बार भरेपर्यंत डुक्कर जेवून घरी जातं. दादाचे गुडघे गेलेले, म्हणून गावात रीतच पडलीय, ठाण्याकडं जो निघंल त्यानं दादाची बंदूक न्यायची. आजवर कुणी हरकत घेतली नाय, ठाण्यातसुद्धा नाय. सुनंदाबाईला त्या दिवशी पाटलांच्या बैठकीला जायचं होतं. दादा म्हणाला, "सुनंदे, जातेसच तर घेऊन जा गं." तिनं बंदूक खांद्याला अडकवली आन् बंगल्यांवरून हमरस्त्याकडं निघाली.

रिक्षा मिळायच्या आत जीप हजर. कुण्या बंगल्यातून फोन गेला होता, एक गावठी बाई बंदूक घेऊन फिरतेय म्हणून. काय ती चपळाई, शिपाई उड्या टाकून उतरले, आन् साहेब स्वतः पुढं. दर बैठकीला समोर बसणारी बाई साहेबांना ओळखू येईना. बंदूक जप्त. दुसऱ्याचं हत्यार बाळगलं म्हणून बाईला दिवसभर बाकावर बसवली. "कायदा सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले. डिझेल त्या दिवशी बरोबर सापडलं त्यांना. बाईनं बंदूक झाडली का, हे मात्र एकानंही विचारलं नाय.

बाई रात्री घरी आली. सकाळी माझ्या दारात उभी. "चल गं, कापणीला जाऊ." मी शेजारीण, नाय कशी म्हणू? आणखी दोघीतिघींना हाक मारली आन् विळे घेऊन निघालो. आमाला बघून कमलेश उठला. ह्या वेळी त्यानं पिस्तूल काढून हातातच घेतलं. मी दोन पावलं मागं सरले, खोटं कशाला बोलू? सुनंदाबाई मात्र वाटेकडेच्या बांधावर बसली आन् तिनं फोन लावला. "बंगल्यांच्या गेटवर गावातली एक बाई बंदूक घेऊन आलीय. लवकर या," एवढंच बोलली.

आमचं पाणी पिऊन होत नाय तोवर जीप आली. साहेब उतरले. "कुठंय ती बाई?"

"मीच," सुनंदाबाई म्हणाली. हातात नुसता विळा.

"बंदूक कुठंय?"

बाईनं कमलेशकडं बोट केलं. त्या बाबानं जीप बघूनही पिस्तूल लपवलं नव्हतं. लपवायची वेळ कधी आलीच नव्हती ना त्याच्यावर. एव्हाना अर्धं गाव गेटवर जमलं होतं, पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. मग साहेबांना परवाना मागावाच लागला. परवाना निघाला शेठच्या नावाचा. वर निवडणुकीचे दिवस, म्हणजे ते पिस्तूलही ठाण्यात जमा पाहिजे होतं. पिस्तूल जीपमध्ये गेलं, त्याच्या मागं तोंड पाडून कमलेश. आमी त्याच दिवशी कापणीला लागलो.

बाईवर पण केस झाली. पोलिसांना खोटी खबर दिली म्हणून. पाटीलकी गेली, परीक्षा देऊन मिळवलेली. जबाबाला मी तिच्यासोबत गेले होते. साहेब पेन सरसावून म्हणाले, "सरकारी माणूस असून खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं तेव्हा तुमी आला नायत, साहेब."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं नाय.