ताटातला उरलेला भात

कुणाच्या ताटात उरलेला भात दिसला की मला अजून संताप येतो. आमच्या जिल्ह्याचे तुकडे पडून चार जिल्हे झाले, त्या वर्षीची गोष्ट. आम्ही मावला गावात सगळे एकत्र राहत होतो. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सरकारी ऑफिसात होते. तिथल्या आरोग्य शिबिरातून त्यांनी आहाराचा रंगीत कागद आणला, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला आणि रोज जेवताना मोठ्यानं वाचायला लागले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या थोरल्या जावेचं, वजन फार वाढलं होतं, गुडघे सुजायचे, रक्तात साखरही निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला वजन उतरायच्या गोळ्या दिल्या. भासऱ्यांनी पाकीट पाहिलं आणि हसले. "गोळ्यानं कुठं बारीक होते का कोणी? तोंड आवर, आपोआप उतरते," म्हणाले आणि गोळ्या मोरीत टाकल्या. मग पोट भरलं म्हणून ताटात अर्धा भात तसाच ठेवून उठले. हात धुता धुता तिला म्हणाले, "खाऊन घे, अन्न फेकाचं नसते." ती त्याच ताटावर बसली. मुलांनी टाकलेला भातही तिनं रोजच्यासारखा त्यातच ओढून घेतला. "पाह्य वो, तोंड माहं अन् भात साऱ्यायचा," असं माझ्याकडे बघून हळूच हसली. मी बाकीची ताटं उचलून मोरीत नेऊन ठेवली. आता ती खाटेवरून उठत नाही. कागद भिंतीवर तसाच आहे. भेटायला येणाऱ्यांना भासरे तो बोटानं दाखवतात आणि म्हणतात, "हिनं माहं कधी आयकलंच नाही."