परिशिष्टातली गिरणी

काळ्या शाईचं जाड पेन घेऊन मी एका बाईचं नाव नऊ ठिकाणी खोडलं, कागद उजेडात धरून मागून-पुढून बघितला, अक्षर दिसत नाही याची खात्री केली, आणि आपण फार मोठं काम केलं म्हणून त्या दिवशी घरी शिरा केला. बदाम घालून. नवऱ्याने विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "एका माणसाचं रक्षण केलं." तो साखर कारखान्यात केमिस्ट होता, रोज नमुने तपासणारा माणूस. त्याने शिरा खाल्ला आणि म्हणाला, "साखर जास्त झालीय." माझ्या त्या दिवसाविषयी इतकं नेमकं नंतरही कोणी बोललं नाही.

परवा नातीचा फोन आला. आरोग्य आणि तंत्रज्ञान यांच्या कायद्यात ती मास्टर्स करणार आहे. मला समजावून सांगत होती की पेशंटची माहिती म्हणजे काय आणि ती कशी जपायची असते. "आजी, तुमच्या वेळी डेटा नव्हताच ना," म्हणाली. मी म्हटलं, नव्हता बाई, आमच्याकडे नुसती माणसं होती. ती हसली. 

मी हेच शिकले होते. तेव्हा या विषयाला धड नावही नव्हतं. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध, माझं वय बेचाळीस, आणि राहुरीच्या कोर्टात वारस आणि बांधाच्या भांडणांवर पंधरा वर्षं काढल्यावर मला एकदम एलएल.एम. व्हायची हुक्की आली. डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात असा निकाल नुकताच लागला होता, जो तो दवाखान्याविरुद्ध नोटीस काढायला बघत होता. मी म्हटलं, आपण याच्याही पुढचं काहीतरी करू. देवळाली प्रवराहून पहाटेची एसटी पकडून आठवड्यातून दोनदा पुण्याला जायचे. वर्गात बाकीची पोरं माझ्या मुलीच्या वयाची. मी पहिल्या बाकावर बसून प्रत्येक प्रश्नाला हात वर करायचे. आज मला ती बाई भेटली तर मी तिचा हात धरून खाली करीन.

प्रबंधाचा विषय घेतला: रक्ताच्या नव्या तपासण्या आणि रुग्णाची गुप्तता. एड्सची तपासणी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागली होती. लोकांना रोगापेक्षा तपासणीची भीती जास्त होती, कारण कागद कुठून कुठे जाईल याचा नेम नव्हता. कोणी-कोणी तोंड बंद ठेवलं पाहिजे याची मी एक लांबलचक यादी केली होती. डॉक्टर, नर्स, लॅबवाला, कंपाउंडर, केसपेपर काढणारा कारकून, झाडूवालासुद्धा. ती यादी मला अजून पाठ आहे. तिच्यात संशोधन करणारी बाई नव्हती.

पुण्याचे आमचे मार्गदर्शक म्हणाले, "मुलाखती हव्यात. आणि मुलाखतीत तपशील हवा. तपशील नसेल तर त्या नुसत्या गप्पा." मग मी मुलाखती शोधायला लागले. राहुरीतल्या एका डॉक्टरांची ओळख होती. त्यांनी आधी त्या बाईला विचारलं, ती हो म्हणाली, तेव्हा मला पाठवलं.

तिची पिठाची गिरणी होती. नवरा मालट्रकवर ड्रायव्हर, तो दोन वर्षांपूर्वी एड्सने गेलेला. तो गेल्यावर हिचं रक्त तपासलं आणि तोच आजार हिलाही निघाला. गावात तिने नवरा काविळीने गेला असं सांगितलं होतं. दुपारी गर्दी नसते म्हणून मी त्या वेळेला गेले. तिने मोटार बंद केली, पट्टा थांबेपर्यंत वाट बघितली, पदराने हात पुसले. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. तशीच समोर बसली.

"वकीलबाई, नाव न्हाई ना येनार कुठं?"

"नाही."

"न्हाई म्हंजी न्हाई ना? पोरगी शाळंत जाती. आन गिरनीवर लोकांचं दळन येतंय. खान्याचा जिन्नस हाय. कुनाला कळलं तर एक बाई फिरकायची न्हाई हितं."

एवढंच तिचं मागणं होतं. दळण यायला हवं. दळण येत होतं तोवर ती, तिची पोर आणि तिच्या औषधाच्या फेऱ्या असं सगळं चालत होतं.

मी काय केलं असेल? साध्या माणसासारखं "काळजी नको करू" म्हणाले असते तर शोभलं असतं. मी पिशवीतून कागद काढला आणि तिथल्या तिथे हमीपत्र लिहिलं. "सदर प्रतिसादकाचे नाव कोणत्याही परिस्थितीत उघड केले जाणार नाही." खाली सही, सहीखाली शिक्का. शिक्का मी पर्समध्ये घेऊन हिंडायचे तेव्हा, लिपस्टिक असावी तसा. कागद मोठ्याने वाचून दाखवला. तिने तो घडी घालून डाळीच्या डब्यात ठेवला. मग दीड तास बोलली. मी लिहून घेतलं आणि मला आठवतं, निघताना मी मनात म्हणत होते, वा, काय साहित्य मिळालं.

प्रबंध इंग्रजीत होता, पण मुलाखतींचं परिशिष्ट मराठीतच ठेवायचं होतं, त्यांच्या बोलीसकट. इंग्रजी भाग पुण्यात टाईप केला. मराठी म्हटलं आपल्या जवळ करू, चुका बघायला सोपं. राहुरीला स्टँडच्या मागे एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता, त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण आणि आवरणावर हळदीकुंकू. एक विशीतली मुलगी टायपिंग करायची. हात फार जलद.

मी तिला कागद दिले. नावं खोडलेले. शिरा वगैरे आदल्या दिवशीच झाला होता.

आठवड्याने प्रूफ बघायला गेले. मुलीने पानं पुढे ठेवली, एका पानावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ही आमच्या पुलावरची गिरणीवाली मावशी ना?"

ती त्याच गावची होती. मला माहीत नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

आता इथे काय करायला हवं होतं ते कोणत्याही बाईला कळेल. हसून म्हणायचं, छे गं, ही तिकडची राहात्याकडची कोणी आहे. त्या पोरीने मान डोलावली असती आणि विषय मिटला असता. कोर्टात पंधरा वर्षं मी समोरच्याचं खोटं पकडत आले होते, एक खोटं बोलायला मला काय झालं होतं? पण मी ताठ झाले. चष्मा वर केला. आणि म्हणाले, "हे बघ, ते मी तुला सांगू शकत नाही. ही गोपनीय बाब आहे. मी तसं लेखी दिलेलं आहे."

मुलीचा चेहरा उतरला. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मग वाकून वेलांट्या दुरुस्त करायला लागली.

तिने मुद्दाम केलं नाही. घरी आईला सांगितलं असेल, तेही हळहळून. मी तिला कधी दोष दिला नाही. द्यायला गेले असते तर आधी मला रांगेत उभं राहावं लागलं असतं.

तोंडी परीक्षा छान झाली. बाहेरून आलेले परीक्षक परिशिष्ट चाळत म्हणाले, "गुप्तता उत्तम पाळली आहे. इतर विद्यार्थ्यांनी हे बघावं." मी मान खाली घालून लाजले. खरंच लाजले. पुण्याहून येताना नगरला गाडी बदलली, पेढे घेतले.

साधारण चार महिन्यांनी राहुरीच्या स्टँडवरून मी घरी यायला एसटीत बसले होते. मागच्या सीटवर दोन बायका.

"दळन आता लांब न्यावं लागतंय गं. डोकं दुखतंय डब्यानं."

"का? पुलाजवळची हाय की गिरनी."

"तिथं कोन जातंय आता. तिला ती बिमारी हाय. पिठातनं पोटात गेली म्हंजी?"

"कोन म्हनलं?"

"एका वकिलीनबाईनं पुस्तकात लिवलंय म्हनं."

"पुस्तकात? मग खरंच आसंल."

मी पदर डोक्यावरून ओढून घेतला. जणू माझ्या मानेवर माझं नाव लिहिलेलं होतं. माझा थांबा आला तरी उठले नाही, त्या दोघी उतरून जाईपर्यंत तशीच बसून राहिले आणि फॅक्टरीच्या फाट्यावरून उलटी चालत आले. चालताना पहिल्यांदा ते ऐकू आलं. तो परिच्छेद. माझाच, माझ्याच आवाजात, हमीपत्र वाचून दाखवलं होतं तसा खणखणीत.

"प्रतिसादक क्रमांक तीन. स्त्री, वय एकतीस, विधवा. पती मालट्रकचे चालक, दोन वर्षांपूर्वी निधन. अपत्य एक, मुलगी, इयत्ता दुसरी. प्रतिसादक लहानपणच्या पोलिओमुळे उजव्या पायाने अधू. राहुरी तालुक्यातील एका गावी कॅनॉलच्या पुलाशेजारी पिठाची गिरणी स्वतः चालवते. नाव गोपनीय."

तेव्हापासून तो थांबलेला नाही. कणीक मळताना येतो. देवळात बसले की येतो. मध्येच कोणी माझं वय विचारलं तर तोंडात आधी "एकतीस" येतं. एकदा बँकेत अर्ज भरताना मी अपत्यांच्या रकान्यात "एक, मुलगी" लिहिलं. मला तीन आहेत. वाचणारी कोण आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्त भीती वाटते. तिला इतका आनंद झालेला असतो वाचताना.

मग मी एक उद्योग केला, जो मी आजवर बार रूममधल्या कोणा वकिलाला सांगितला नाही. नवऱ्याच्या दाढीचं एक ब्लेड कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि पुण्याला ग्रंथालयात गेले. कायद्याची पदव्युत्तर पदवीधर, वय चव्वेचाळीस, चोरी करायला. काळ्या रेक्झिनच्या बांधणीतला माझा प्रबंध मागवला. कोपऱ्यातल्या टेबलाशी खोकला आल्याचं सोंग करत, एका खोकल्याला एक इंच, असं ते पान कापलं. ग्रंथपाल उठून आले आणि मला पाण्याचा ग्लास दिला. मी पाणी प्यायले आणि आभार मानले. पान ब्लाउजमध्ये होतं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मला थोडं हलकं वाटलं, हेही कबूल करते. काहीतरी निस्तरलं असं वाटलं. माझं डोकं कागदाच्या पलीकडे जातच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते पान घेऊन तिच्याकडे गेले. त्या भेटीचं शेवटी सांगते, कारण माझ्या बाबतीत ती भेटच शेवटची राहिली आहे, नंतर काहीही झालं तरी. नंतरचं थोडक्यात असं की मी बरंच काही केलं आणि ते सगळं उशिराचं होतं. वर्षाच्या आत तिने गिरणी मोडली. तिथे मग कोणीतरी सायकलचं दुकान टाकलं. मुलीला मामाने राहात्याला नेलं. बाई त्यानंतर दोन-अडीच वर्षं जगली. मी प्रबंधावर पुढे लेख लिहिले नाहीत, शिकवायला बोलावलं तिथे गेले नाही. पुन्हा वारस आणि बांध. लोकांना वाटलं, बाईंना पदवी पचली नाही. बरोबरच वाटलं.

तर ती भेट. दुपारच होती. पुलावरून चार-पाच बायका डोक्यावर डबे घेऊन पलीकडे चालल्या होत्या, गिरणीकडे न बघता. ती दारात बसलेली. चेहऱ्यावर पिठाचा कण नव्हता, आणि मला तिला ओळखायला एक क्षण लागला. मोटारीवर पोतं टाकलेलं.

मी तिच्यापुढे पान ठेवलं. म्हटलं, हे मी काढून आणलं, आता ते कुठेही नाही. कसं काढलं तेही सांगितलं. कदाचित हसेल अशी आशा होती.

"वाचा की," ती म्हणाली. "मला कुठं येतंय."

मी वाचलं. मोठ्याने, तिच्या दारात. तिने मध्ये अडवलं नाही. शेवटचं "नाव गोपनीय" सुद्धा वाचलं.

 मग तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, परत माझ्याच हातात दिला. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं. ती अगदी सावकाश, एखाद्या लहान पोरीला समजावावं तशी बोलली. ती काय म्हणाली ते एक अक्षर न बदलता लिहिते आहे.

"तुमी सबूद पाळला बाई, नाव न्हाई आलं. नाव आलं आसतं तरी चाललं आसतं. माझं नाव हितं कुनाला ठावं हाय? नगरच्या दवाखान्यात नाव तीन डाव पुकारलं तर मीच उठले न्हाई, मला वाटलं दुसरीच कुनीतरी हाय. आन आज येवढ्या लांब आला ते ह्यो कागद घिऊन आला. कागद कशाला आनला? दळन आनायचं हुतं. त्या चालल्यात न्हवं पुलावरनं, त्यांच्या डोळ्यांदेखत पायली-दोन पायली दळून न्यायचं हुतं."