मागं टाकलेला चेंडू

चैत्रातल्या कावेरीची ती वाळू! मेलकावेरी गावाच्या काठाशी पाण्याची नुसती एक धार उरे, आणि तळपायाला चटके देणाऱ्या त्या शुभ्र विस्तारावर खोबरेल चोळलेल्या चेंडूच्या कातड्याचा उग्र वास दरवळत असे. कॉलेजातल्या इंग्रज प्रोफेसरसाहेबांनी आम्हांला रग्बीचं वेड लावलं होतं. लांबट चेंडू छातीशी कवटाळून पुढं धावायचं, पण सोबत्याला द्यायचा तर हातानं मागंच टाकायचा, असा त्या खेळाचा अजब नियम! कासोटा घट्ट मारून आम्ही तंजावरी मराठे तो खेळत होतो, म्हणजे काय ध्यान दिसत असेल सांगा.

माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याच संघात होता. वडील थकले तेव्हा भजनात ओळ सांगायची पुढची जागा त्यांनी अण्णाला डावलून मला दिली, आणि तेव्हापासून वर्षभर तो माझ्याशी अक्षर बोलला नव्हता. 'चिन्ना' ही माझी घरातली हाकसुद्धा त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. भजनात तो माझ्या मागं बसे. मी ओळ सोडली की इतर ती उचलत, त्याचे ओठ मात्र मिटलेले. कसली जागा नि कसला मान, मला माझा अण्णा हवा होता.

त्या दिवशी सामना रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांशी होता. शेवटची घटका, आम्ही थोडक्यात मागं, चेंडू माझ्यापाशी, जिच्यापलीकडं तो टेकवला की जिंकलो ती रेघ वीस पावलांवर, आणि समोर दोन धिप्पाड साहेब. एकट्यानंच मुसंडी मारावी? की मागं टाकावा? मागं कोण आहे ते पाहायला सवड कुठली! एवढ्याशा निमिषात माणसाचं अवघं आयुष्य कसं मावतं, याचं नवल मला आजही वाटतं. बुद्धी जागी होण्यापूर्वीच हातांनी निर्णय घेतला होता. मान न वळवता, भजनात ओळ सोडावी तसा मी चेंडू सोडला आणि वाळूत आपटलो.

अण्णानं तो झेलला होता! मी धडपडत उठून त्याच्या मागं धावलो. रेघ दोन पावलांवर, अडवायला चिटपाखरू नाही. आता विजय त्याचा, आणि खुशाल त्याचाच असो! पण काय केलं त्यानं? भजनात मागच्यांनी उचललेली ओळ पुन्हा पुढच्याकडं परतायची असते. जन्माची ती सवय, की त्याहून खोल काही? मान न वळवता त्यानं चेंडू माझ्याकडं टाकला. तो मला काही देईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. चेंडू छातीवर आदळून खाली पडला, शिटी वाजली, आम्ही हरलो.

प्रोफेसरसाहेबांनी कपाळाला हात लावला. सोबती आम्हां दोघांवर तुटून पडले. हातातोंडाशी आलेला विजय देऊन टाकण्याइतकं ते रुसलेलं मन एका क्षणात कसं उघडलं असेल? मी शरमेनं मान खाली घालून उभा होतो. अण्णा जवळ आला, माझ्या केसांतली वाळू झटकली, आणि म्हणाला, "मी दिलं की घ्यायचं रे, चिन्ना."

साऱ्या साहेबांदेखत मी हमसून हमसून रडलो.